अनुदान आहे, अर्ज कुठे आहे?

आरोग्य-संशोधनाला सरकार पैसा देत नाही, ही तक्रार मी कोल्हापुरात नेहमी ऐकतो. ती अर्धीच खरी आहे. १९११ साली स्थापन झालेली, आजची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद देशभरातून प्रस्ताव मागवते. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणातल्या खेडुतांवरच उपचार करीत होते. संशोधनाचा प्रश्न असा रुग्णाच्या खाटेपाशी सापडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगाकाठच्या डॉक्टरांपुढेही असे प्रश्न ठेवले. परंतु दिवसभर रुग्ण तपासणाऱ्याने संख्याशास्त्र, अंदाजपत्रक आणि नीतिसमितीची मान्यता यांचा मेळ कधी घालावा? शिवाजी विद्यापीठ व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी त्याला एकत्र हात द्यावा. नाहीतर अनुदान अर्ज लिहिणाऱ्यालाच मिळेल आणि आमचे आजार अनुत्तरितच राहतील.