पाचशे पौंडांचा हिशेब

व्हर्जिनिया वूल्फ यांचा ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हा निबंध आपल्याकडच्या इंग्रजी विभागांमध्ये आता पूजेचा विषय झाला आहे. स्त्री आणि लेखन हा विषय निघाला की या पुस्तकाचे नाव घ्यायचे, लिहू पाहणाऱ्या स्त्रीला स्वतःचा पैसा आणि स्वतःची खोली हवी हे त्याचे सार सांगायचे, शेक्सपिअरच्या काल्पनिक बहिणीची करुण कथा गाइडातून पाठ करायची आणि उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळे व्हायचे, याला अभ्यास म्हणण्याची प्रथा पडली आहे. याच्या उलट टोकाला आपल्याच परिवारातील काही सुशिक्षित मंडळी आहेत. हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्या कुटुंबव्यवस्थेला त्याची गरज नाही, असे म्हणून ती पुस्तक न उघडताच बाजूला सारतात. एक पक्ष पूजा करतो, दुसरा बहिष्कार घालतो. निबंध मुळातून वाचण्याचे कष्ट मात्र दोघेही टाळतात.

वाचला तर काय दिसते? ऑक्टोबर १९२८ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम आणि गर्टन या स्त्रियांच्या महाविद्यालयांत दिलेल्या व्याख्यानांतून हा निबंध आकाराला आला आणि १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. घोषणा म्हणून तो आज मिरवला जात असला, तरी त्याचा गाभा रोकड्या हिशेबाचा आहे. विद्यापीठाच्या हिरवळीवरून निवेदिकेला हटवले जाते. ग्रंथालयाच्या दारात तिला सांगितले जाते की, सोबत महाविद्यालयाचा अधिकारी सदस्य किंवा परिचयपत्र असल्याखेरीज स्त्रियांना प्रवेश नाही. दुपारी पुरुषांच्या महाविद्यालयात मेजवानी झडते. रात्री स्त्रियांच्या महाविद्यालयात सामान्य जेवण आणि शेवटी सुकवलेले आलुबुखार. या दोन ताटांतील अंतर कशामुळे, असा प्रश्न लेखिका विचारते आणि उत्तर शोधत तिजोरीपर्यंत जाते. पुरुषांच्या विद्यालयांच्या पायात आधी राजांनी आणि पुढे व्यापारी-कारखानदारांनी सोने ओतले. मुलींच्या आयांपाशी ओतायला काही नव्हतेच; कारण १८८२ च्या कायद्यापर्यंत इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्कच नव्हता. जगाला सुधारणेचे धडे देणाऱ्या या देशात केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र झाल्यानंतर!

इथपर्यंत वूल्फ यांचा हिशेब चोख आहे. पण त्याच वहीत एक नोंद अशी आहे की, जिच्यापाशी भारतीय वाचकाने थबकायलाच हवे. निबंधातील निवेदिकेला वर्षाला ५०० पौंड मिळतात ते तिच्या आत्याच्या मृत्युपत्रामुळे. त्याच सुमारास स्त्रियांना मताधिकार देणारा कायदाही होतो. पण मत आणि पैसा यांपैकी पैसाच आपल्याला अधिक मोलाचा वाटला, असे ती स्वच्छ सांगते. आणि ही आत्या मरण पावते कोठे? मुंबईत! हवा खायला घोड्यावरून निघाली असता, घोड्यावरून पडून.

हे एकच वाक्य आहे, पण ते क्षुल्लक नाही. वूल्फ यांना प्रत्यक्षातही आत्याचा वारसा लाभला होता. कॅरोलिन एमिलिया स्टीफन १९०९ मध्ये वारल्या, तेव्हा त्यांनी या भाचीसाठी २,५०० पौंड ठेवले होते. त्या राहत असत केंब्रिजला. निबंधात शिरताना केंब्रिजची आत्या मुंबईला कशी पोहोचली? घराण्याचा इतिहास पाहिला की उलगडा होऊ लागतो. या कॅरोलिनबाईंचे बंधू जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे १८६९ ते १८७२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधी सदस्य होते. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा त्यांच्याच हातचा. आपल्या न्यायालयांनी तो ३० जून २०२४ पर्यंत वागवला! वूल्फ यांच्या मातोश्री ज्युलिया यांचा जन्म १८४६ चा, कलकत्त्याचा. पती लिओनार्ड १९०४ ते १९११ या काळात श्रीलंकेत ब्रिटिश प्रशासनाच्या सेवेत होते. तेव्हा आत्या मुंबईत वारली, हे लिहिणारीलाही आणि त्या काळच्या इंग्रज वाचकालाही अगदी स्वाभाविक वाटले असणार.

आत्याचा पैसा कोठून आला, हे निबंध सांगत नाही. आमचा आक्षेप नेमका तेथेच आहे. महाविद्यालयाच्या पायातील सोने जिच्या तीक्ष्ण नजरेने हेरले, तिला आत्याच्या पौंडांचा उगम विचारावासा वाटला नाही. ते तिने विचारले नाही, तर आपल्या प्राध्यापकांनी विचारायला हवे होते. मुंबईच्या वर्गात बसून मुंबईचा हा उल्लेख ओलांडून पुढे जायचे आणि निबंधाला वैश्विक म्हणून नमस्कार करायचा, ही बौद्धिक परावलंबनाची खूण आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७४ मध्येच वूल्फ यांना उलटा प्रश्न केला होता. अठराव्या शतकातील कवयित्री फिलिस व्हीटली हिची, जिची स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती त्या गुलाम स्त्रीची, संगती तुमच्या खोलीत कशी लावायची? आपले प्रश्न आपण कधी विचारणार?

मात्र एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबणाऱ्यांना थोडे थांबवले पाहिजे. आमच्याकडे मुक्ताबाई झाल्या, जनाबाई झाल्या, त्यांना कोठे होती खोली, हे उत्तर आपल्या बैठकांतून हमखास दिले जाते. ते अभिमानास्पद आहे, पण अपुरे आहे. जात्यावर आणि शेतात ओव्या रचणाऱ्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी लिहून ठेवली गेली, पुत्र कवी सोपानदेव यांनी ती जपली, आचार्य अत्र्यांनी ती प्रकाशात आणण्याचा आग्रह धरला. म्हणून बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ती महाराष्ट्राला मिळाली. ज्यांच्या पोटी सोपानदेव जन्मला नाही, अशा किती बहिणाबाई जात्यापाशीच संपल्या असतील? शेक्सपिअरच्या बहिणीची कथा रचून वूल्फ हेच तर विचारत होत्या.

आणि पैशाचे काय? स्त्रीधनाची कल्पना आपल्या धर्मशास्त्राने इंग्रजांच्या कायद्याआधी शतकानुशतके मांडली, हे आपण अभिमानाने सांगतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशाने २००५ मध्ये केली. आता आपल्या घरातील कपाट उघडून पाहू. वडील गेले की बहिणीला माहेरी बोलावले जाते, गोडधोड होते, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ती सही करते. कारण केली नाही तर माहेर तुटेल, हे तिला ठाऊक असते. याला आपण त्याग म्हणतो. जो त्याग नेहमी एकाच बाजूने होतो, त्याला दुसरे नाव शोधावे लागेल. ज्या घरात हे घडते, त्या घराला वूल्फबाईंचा निबंध परका म्हणून फेटाळण्याचा अधिकार पोहोचत नाही.

म्हणून हा निबंध अभ्यासक्रमातून काढावा, असे आम्ही म्हणणार नाही. तो पूर्ण शिकवावा. आत्या मुंबईत वारली, हे वाक्य फळ्यावर लिहून शिकवावा. आणि ज्यांना तो पाश्चात्त्य वाटतो, त्यांनी पुढचे हक्कसोडपत्र टाइप करायला देण्यापूर्वी बहिणीला एकदा विचारावे, तुझा वाटा तुला हवा आहे का? तिने हो म्हटले, तर तो द्यावा, आणि माहेरही शाबूत ठेवावे.