घरची बिअर, ५० गुण आणि न विचारलेला प्रश्न

"घरचं" या शब्दावर आपला फार विश्वास. घरचं तूप, घरचा मसाला, घरचं लोणचं. घरचं म्हणजे शुद्ध, आणि शुद्ध म्हणजे तब्येतीला चांगलं, हे आपण ठरवूनच टाकलेलं असतं. लोणच्यातलं मीठ घरी घातलं म्हणून रक्तदाब वाढायचा थांबत नाही, हे मात्र आठवत नाही.

आता या यादीत घरच्या बिअरची भर पडली आहे. अमेरिकेत हा छंद जुना आहे आणि तिथली आपली मुलं-पुतणेही तो हौसेनं करतात. भेटायला गेलेल्या वडिलांपुढे ग्लास ठेवून म्हणतात, "घ्या ना बाबा, घरचीच आहे. केमिकल काही नाही यात." वाचकहो, हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं आहे. मधुमेहाच्या रुग्णाला तर ते महागात पडू शकतं.

आधी छंद समजून घेऊ

अमेरिकेत १९७८ साली कायदा बदलला आणि घरच्या वापरासाठी बिअर करायला परवानगी मिळाली. एका प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर. काही राज्यांचे नियम वेगळे असतात. (आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा इथे प्रयोग नकोत.)

या मंडळींना पिल्सनर हा प्रकार आव्हान वाटतो. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्झेन गावात योझेफ ग्रोल यानं ही फिकट सोनेरी बिअर प्रथम तयार केली. १९९६ पासून उत्तर इटलीत तिच्यात थंड अवस्थेतच जादा हॉप्स, म्हणजे कडवट सुवासाची फुलं, घालायची पद्धत रुजली. ही हॉप्सवाली पिल्सनर १० ते १३ अंश तापमानाला आंबवायची आणि मग काही आठवडे गोठणबिंदूच्या आसपास मुरवायची. रंग फिकट, चव स्वच्छ, त्यामुळे चूक लपत नाही. म्हणून ही मंडळी बाटल्या घेऊन जाणकार मित्रांकडे जातात आणि मत मागतात.

स्पर्धेत ते मत ५० गुणांच्या तक्त्यावर लिहिलं जातं. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण परिणामाला १०. लोण्यासारखा वास आला तर यीस्टला पुरेसा वेळ दिला नाहीस, उकडलेल्या मक्यासारखा आला तर नीट उकळलं नाहीस, असं तोंडावर सांगतात. हा परखडपणा मला आवडतो.

माझी तक्रार वेगळी आहे. या ५० गुणांत तुमच्या शरीरासाठी एकही गुण नाही. अल्कोहोलचा विचार होतो, पण कशासाठी? त्याचा चटका जिभेला जाणवतो का, आणि टक्केवारी त्या प्रकारात बसते का, एवढ्यासाठीच. पिल्सनरचं मोठं कौतुक कोणतं? "इतकी हलकी आहे की एकावर थांबवत नाही." डॉक्टर म्हणून मला हे वाक्य वाचून काळजी वाटते. चव स्वच्छ झाली म्हणजे अल्कोहोल कमी झालं असं नाही. ते फक्त जाणवेनासं झालं.

"परीक्षकाचं काम चव बघायचं, तब्येत तुम्ही बघा," असं कोणी म्हणेल. मान्य. पण मग चवीच्या गुणांवरून तब्येतीचा दाखला देऊ नका. ४२ गुण मिळालेली बिअर रुचकर असेल. ती निरुपद्रवी असल्याचा तो पुरावा नव्हे.

आकडे बघा

घरचा एक घाणा साधारण १९ लिटरचा असतो. बिअर ५ टक्क्यांची असेल, तर त्यात सुमारे ७५० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ३५५ मिलीच्या एका बाटलीत १४ ग्रॅम. दुकानातल्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्येही तेवढंच. यकृताला बाटली कुठली, हे कळत नाही.

उलट घरच्या बाटलीत एक जादा अडचण आहे. तिच्यावर टक्केवारी छापलेली नसते. करणारा हायड्रोमीटरनं मोजतो, पण आकडा त्याच्या वहीत राहतो. शिवाय थंड हॉप्समधली विकरं उरलेल्या पिष्टमय भागाचे तुकडे करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. मोजमाप झाल्यानंतर अल्कोहोल थोडं वाढू शकतं आणि वायूचा दाब वाढून काचेची बाटली फुटूही शकते.

खोटी भीती नको, खोटा धीरही नको

"घरच्या बिअरनं आंधळं व्हायला होतं का?" असं बरेच जण विचारतात. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल धोक्याच्या प्रमाणात नसतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूनं. तो प्रकार निराळा.

पण "हॉप्स औषधी असतात, यीस्टमध्ये ब जीवनसत्त्व असतं" हा युक्तिवादही टिकत नाही. हॉप्समधल्या काही द्रव्यांचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, पण ग्लासात ती अगदी अल्प येतात. अल्कोहोल मात्र ग्रॅमच्या हिशोबानं येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन या अवयवांचे कर्करोग त्यात येतात.

यांनी "नको" म्हणावं

- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे: अल्कोहोल यकृताचं साखर तयार करण्याचं काम अडवतं. साखर काही तासांनी, कधी झोपेतही, धोकादायक उतरते. घाम, बडबड, तोल जाणं ही लक्षणं घरच्यांना "चढली" अशी वाटतात आणि उपचाराचा वेळ जातो.
- गाऊट असलेले: बिअरमध्ये प्युरिन असतं, आणि न गाळलेल्या घरच्या बिअरमध्ये यीस्टही उरतं. युरिक अॅसिड वाढतं.
- सीलियाक आजार असलेले: माल्ट बार्लीचं असतं, म्हणजे ग्लूटेन आलंच.
- यकृताचे रुग्ण, झोपेच्या गोळ्या घेणारे, गर्भवती, आणि दारू सोडलेले: यांना एक घोट चाखण्याचा आग्रहसुद्धा करू नये.

मागणी एवढीच

हौशी मंडळींनो, लोण्याचा वास ओळखण्याइतकं तुमचं नाक तयार आहे. मग बाटलीवर दोन आकडे लिहायला जड जाऊ नये: टक्केवारी आणि ग्रॅम. हिशोब सोपा आहे. मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.८. मत मागताना चवीबरोबर हेही विचारा: "एका बैठकीत यातलं किती प्यावंसं वाटलं?" उत्तर "तीन-चार" असेल, तर ते कौतुक म्हणून घेऊ नका, पुढचा घाणा कमी अल्कोहोलचा करा.

आणि आईबाबांनो, मुलानं प्रेमानं केलंय म्हणून प्यायलाच हवं असं नाही. वास घ्या, रंग बघा, मनापासून कौतुक करा आणि ग्लास परत द्या. तुमच्या औषधांची यादी त्याला माहीत नसेल. ती सांगायची जबाबदारी तुमची.