पन्नासची लय
कोपरखैरण्यात रात्री लॅपटॉपवर 1986च्या झेडएक्स स्पेक्ट्रम 128 या घरगुती संगणकाची नक्कल चालवली, तर खेळातली ओळखीची धून घाईने पळू लागली. दोष लॅपटॉपच्या पडद्याचा. तेव्हाचा टीव्ही, घरच्या विजेसारखाच, 50च्या तालावर चालायचा. पडदा सेकंदाला 50 वेळा रंगे. दर खेपेला झेड80 प्रोसेसर हातचं काम सोडून धुनेचं एक पाऊल टाकी नि परते. एका खेपेला प्रोसेसरचे ठोके 70,908, त्यातच खेळही हलवायचा! किती काटकसरीची, सुंदर कारागिरी ही! 24 खेपांची मात्रा धरली तर मिनिटाला 125 मात्रा. सेकंदाला 60 वेळा रंगणाऱ्या माझ्या पडद्यावर त्याच 150 झाल्या. वेग 50वर बांधला आणि पहाटेपर्यंत ऐकत बसलो.