वाशीमच्या बेकारीची मोजदाद

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून सहा तालुके अलग होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जिल्हा कचेरीच्या मागोमाग उद्योगधंदेही येतील अशी आशा बाळगणे स्वाभाविक होते. परंतु कचेऱ्या आल्या, त्यांची दप्तरे वाढली, आणि बारा महिने हाताला काम देणारा मोठा व्यवसाय मात्र येथे रुजला नाही. २०१८ साली केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले त्यांत वाशीमचा समावेश झाला, तो अकारण नव्हे.

या बेकारीचे एक मूळ, माझ्या मते मुख्य मूळ, पिकांच्या पालटात आहे. कपाशी हे मजुरांना पोसणारे पीक होते: पावसाळाभर निंदण आणि डवरणी, दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन आठवडेच्या आठवडे चालणारी वेचणी, आणि त्यापुढे सरकी काढण्यापासून गठाणी बांधण्यापर्यंतची जिनिंग-प्रेसिंगमधली कामे. याच कापसासाठी इंग्रजी अमदानीत मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे कारंजावरून नेण्यात आली. पुढे कपाशीची जागा ज्या सोयाबीनने घेतली, ते सुमारे शंभर दिवसांत हाती येते. त्याचे निंदण तणनाशकाने बव्हंशी गिळंकृत केले, सोंगणी पंधरवड्यात आटोपते, आणि मळणी यंत्रावर होते. बोंडअळीने गांजलेल्या आणि वेचणीच्या मजुरीने जेरीस आलेल्या कास्तकाराने हे पीक पत्करले, यात त्याचा तिळमात्र दोष नाही. परंतु निंदण आणि वेचणी ही प्रामुख्याने स्त्रियांची कामे होती, आणि त्यांच्या बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्याही सरकारी ताळेबंदात घेतली गेली नाही.

ती घेतली जात नाही याचे कारण मोजण्याच्या रीतीतच आहे. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात नेहमीच्या स्थितीनुसार, वर्षात तीस दिवस दुय्यम काम केलेली व्यक्तीही रोजगारातच गणली जाते. आठवड्याच्या स्थितीनुसार तर सात दिवसांत एक तासाचे काम पुरते. देशादेशांची तुलना करण्यास ही व्याख्या सोयीची असेल. परंतु सोंगणीचे दिवस संपताच ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर मुलाबाळांसह निघून जाणाऱ्या मानोरा तालुक्यातील तांड्यावरील कुटुंबाची हलाखी तिच्यात उमटणार कशी? आणि पदवी घेऊन भरतीची वर्षानुवर्षे प्रतीक्षा करणारा तरुण, वडिलांच्या तीन एकरांत हातभार लावतो एवढ्यावरून, कामावर असल्याचे ठरते.

मोजणीइतकाच प्रश्न कामाच्या निर्मितीचाही आहे. समृद्धी महामार्गाच्या ज्या भागात वाशीम जिल्हा येतो, तो डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पिकलेले सोयाबीन त्या रस्त्याने कच्चेच बाहेर जाणार असेल, तर तेल काढण्याची, पेंड करण्याची आणि प्रक्रियेची मजुरीही त्याबरोबर परजिल्ह्यात जाते. म्हणून प्रक्रिया उद्योगांना येथेच जागा, वीज आणि भांडवल देण्याची तजवीज शासनाने करावी.

आणि तत्पूर्वी एक साधे काम जिल्हा प्रशासनाने अंगावर घ्यावे: प्रत्येक तालुक्यात, गावोगाव, स्त्री आणि पुरुष अशी स्वतंत्र, वर्षाकाठी प्रत्यक्ष मिळालेल्या कामाच्या दिवसांची मोजदाद करून ती ग्रामसभेपुढे जाहीर वाचावी. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवानंतर, कामाचा हक्क १९७७ च्या कायद्याने मान्य करणाऱ्या महाराष्ट्राला एवढी मागणी जड वाटू नये.