परतीचे दोर कापू नका

आमच्या मालाडात हल्ली चाळीचाळीतून एखादा तरी हिमालयवीर निघतो. दिवाळीच्या फराळाबरोबर त्याची छायाचित्रेही पाहावी लागतात. पोरे घराबाहेर पडतात याचा मला मास्तर म्हणून आनंदच आहे. माझे भांडण आहे ते त्यांच्या तोंडच्या एका वाक्याशी: "काही झाले तरी माघार नाही!"

हा बाणा सिंहगडावरचा. 1670 साली सूर्याजीने परतीचे दोर कापले, ही कथा आपण बाळगुटीबरोबर प्यालो. पण गडावर शत्रू होता. तो हरू शकत होता. बर्फाला हारजीत ठाऊक नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, त्यावर नवा किंवा वाऱ्याने लोटलेला बर्फ आणि खाली भुसभुशीत थर, एवढे जमले की वरची लादी सुटायला एक पाऊल पुरते. हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते पाऊल त्यांचे स्वतःचे किंवा सोबत्याचेच असते. मग त्याला 'दैवाचा घाला' का म्हणावे?

4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीतल्या 'द्रौपदी का डांडा' शिखरावर हिमस्खलन झाले. 27 मृतदेह हाती आले. ती गिर्यारोहण शिकणारी मंडळी होती, शिक्षक बरोबर होते. मग आठ दिवसांची रजा काढून गेलेल्यांनी किती जपावे?

2019 च्या जुलैत आमच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यापाशी तासन्‌तास ताटकळणारी माणसे मालाडने पाहिली. बर्फाखाली तेवढे तास मिळत नाहीत. पंधरा मिनिटांत उकरून काढलेला माणूस बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने सरते. तिथे सोबत्याजवळचे फावडे, शोधकाठी आणि प्रत्येकाच्या अंगावरचे संदेशयंत्र हीच काय ती मदत.

म्हणून निघण्यापूर्वी हिमस्खलनाचा सरकारी इशारा वाचावा. ताजा बर्फ पडला तर थांबावे. संशयाचा उतार एकेकाने ओलांडावा. बाकीच्यांनी निर्धोक जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. आणि मन कचरले, तर परत फिरावे.

मरणारा नायक रंगवणे सोपे असते, हे कादंबरीकार म्हणून मी जाणतो. परतणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. पण 1660 साली पन्हाळ्याहून आणि 1666 साली आग्र्याहून महाराज निसटले, म्हणून त्यांना भ्याड कोणी म्हटले?

आईबापहो, पोरगा शिखर न गाठता घरी आला, तर त्याच्या पानात एक करंजी अधिक वाढा.