सावली आखूड झाली की

आईच्या रिपोर्टवर ड जीवनसत्त्वाचा आकडा ९ आला. २० च्या खाली गेला की कमतरता धरतात. "अरे, मी तर रोज ऊन घेते," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. प्रभादेवीतली आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हापासून रोज सकाळी सातला ती गच्चीवर जाते. कोवळं ऊन अंगाला चांगलं, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं.

एका सकाळी मीही तिच्याबरोबर गेलो. तिची सावली पार पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली होती. तिथेच सगळं कळतं. सूर्य इतका खाली असताना किरणं तिरपी येतात आणि कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारी अतिनील किरणं वाटेतल्या हवेतच बहुतेक शोषली जातात. उरते ती ऊब. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन खरं कामाचं. मुंबईत मे महिन्यात साडेनऊलाच सावली तेवढी आखूड होते. डिसेंबरात मात्र साडेअकरा ते दीड एवढाच वेळ मिळतो. बंद खिडकीशी बसून उपयोग नाही, काच ही किरणं अडवते. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

हे काही आजचं ज्ञान नाही. हचिसन आणि शाह या संशोधकांनी नाशिक भागातल्या मुडदुसाचा, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या हाडांच्या आजाराचा, अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध केला. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांत त्यांना मुडदूस दिसला. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या घरांत, पोटाला पुरेसं नसतानाही, दिसला नाही. आज तो पडदा आपण सगळ्यांनीच ओढून घेतला आहे. घरातून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी, गाडीतून एसी ऑफिस.

तारली, बांगड्यातून थोडं ड जीवनसत्त्व मिळतं. पिशवीवर निळं '+एफ' चिन्ह असलेल्या दुधात ते मिसळलेलं असतं. आकडा इतका खाली गेला की मात्र औषध लागतंच, आणि इथे मला खरी काळजी वाटते. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. आमच्या नात्यातल्या एका काकांनी "हाडांचं टॉनिक" म्हणून महिनाभर रोज एक घेतली. केमिस्टने चिठ्ठी मागितली नाही. उलट्या सुरू झाल्या, रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं आणि अ‍ॅडमिट करावं लागलं. क जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे जातं. ड चरबीत साठून राहतं. म्हणून विनवून सांगतो, पुडी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्या आणि कधी थांबवायची तेही त्यांना विचारून घ्या.

आमची गच्ची सकाळी आठनंतर कुलपात असायची. सोसायटीला अर्ज दिला, बारा ते एक उघडी ठेवा म्हणून. सोमवारपासून ठेवतात. आई पंधरा मिनिटं उभी राहते, सावली तिसऱ्या लादीच्या आत. काल दुसऱ्या मजल्यावरच्या आजीही आल्या, स्वेटर घालून. आईने आधी तो काढायला लावला, मग ब्लाउजच्या बाह्या वर सरकवून दिल्या.