गेटच्या आतली नोकरी

गेल्या सुट्टीत भाच्याला ऑफिसात सोडायला हिंजवडीला गेलो होतो. सकाळचे साडेनऊ, गाड्यांची रांग नेहमीसारखीच लांब. बॅरिअरपाशी पोहोचलो. गार्डने गाडीखालून आरसा फिरवला, काचेतून आत पाहिलं आणि एकदम सावधान झाला.

"जय हिंद, साहेब!"

मी बटालियन कमांड करत होतो तेव्हाचा आमचा एका कंपनीचा सीक्यूएमएच. म्हणजे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार.

"अरे, तू इथे? कधीपासून?"

"दीड वर्ष झालं साहेब. बारा तासांची ड्युटी आहे. पोरगी बारावीला आहे, म्हणून इकडंच खोली घेतली."

मागून हॉर्न वाजायला लागले. त्याने बॅरिअर उचललं, मी गाडी आत घेतली. भाच्याने विचारलं, "मामा, तुम्ही ओळखता यांना?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगलं लडाख त्याला ओळखतं. मग भाचा आपल्या ऑफिसचं रडगाणं गाऊ लागला. नव्या लोकांना द्यायचे लॅपटॉप कुठे आहेत, सोडून गेलेल्यांनी परत केले की नाही, कोणाची वॉरंटी कधी संपते, कशाचा कशाला मेळ नाही. हे सगळं सांभाळणारा धड माणूस तीन महिने मिळत नाहीये.

मी हसलो. पण घरी परत येताना हसू गेलं.

तो हवालदार काय करायचा ते सांगतो. लडाखमध्ये उन्हाळ्यात रस्ता उघडा असेपर्यंत सगळ्या हिवाळ्याची बेगमी करावी लागते. रॉकेल, डाळ, तांदूळ, डबाबंद भाजी, औषधं, बॅटऱ्या, बूट, स्लीपिंग बॅग. बर्फ पडलं की जे आहे त्यात भागवायचं. दुकान नाही, उद्या येणारी गाडी नाही. कोणता माल आधी खराब होणार, कोणत्या पोस्टला वर चढवायला किती पोर्टर लागणार, काय हेलिकॉप्टरने न्यावं लागणार, हे सगळं त्याच्या वहीत असायचं आणि त्याहून जास्त डोक्यात. शंभरावर माणसांचा हिवाळा त्या वहीवर अवलंबून. स्टॉक तपासायला बोर्ड बसला तेव्हा एक जेरीकॅनसुद्धा कमी निघाला नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा कागद माझ्या सहीने गेले. डिस्चार्ज बुकात कॅरॅक्टर 'एक्झेम्प्लरी'. फौजेत त्याहून वरचा शेरा नाही. पण बाहेर त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच होतो की माणूस चोरी करणार नाही. चोरी न करणाऱ्या माणसाला लोक कुठे उभं करतात? गेटवर. माझ्या सहीनेच त्याला तिथे उभं केलं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं.

गैरसमज नको. गार्डची नोकरी प्रामाणिक आहे, तिला मी कमी लेखत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आमचा जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो, तेव्हा मुलं शाळेत असतात आणि घरावर कर्ज असतं. भारतातल्या आयटी उद्योगात पन्नास लाखांवर माणसं काम करतात, आणि त्या कंपन्यांच्या दारापाशी आमची माणसं उभी आहेत. दाराच्या आत त्यांना करता येण्यासारखी कामं आहेत. ती दिसत नाहीत, कारण आपण धरून चाललोय की संगणकाच्या कंपनीत फक्त प्रोग्राम लिहिणारे असतात.

माझाही समज तोच होता. खडकवासल्याला मी बी.ए. केलं. कॉम्प्युटर सायन्सवाले कॅडेट वेगळे, त्यांना बाहेर भविष्य आहे, असं आम्ही आर्ट्सवाले म्हणायचो. माझा एक कोर्समेट, माझ्यासारखाच बी.ए., काही वर्षांपूर्वी फौज सोडून बंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्राम मॅनेजर झाला. एक ओळ कोड लिहिता येत नाही त्याला. विचारलं, करतोस काय? म्हणाला, "जे ॲडज्युटंट असताना करायचो तेच. कोणी काय कधीपर्यंत करायचं ते ठरवतो, आणि झालं का ते विचारत फिरतो. फरक एवढाच की इथे ओरडता येत नाही."

त्याच्याकडून आणि नंतर इतरांकडून जे समजलं, ते थोडक्यात मांडतो.

रात्री २ वाजता कंपनीची सेवा बंद पडते. बिघाड शोधण्याचं काम इंजिनिअरांचं. पण कोणाला उठवायचं, कोण काय बघतोय, ग्राहकाला काय कळवायचं, पुढची खबर किती वाजता द्यायची, हे एका माणसाच्या हातात असावं लागतं. त्याला ते 'इन्सिडेंट कमांडर' म्हणतात. नाव ऐकून ओळखीचं वाटलं ना? ही पद्धत मुळात संगणकवाल्यांची नाहीच. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मोठमोठे वणवे विझवताना वेगवेगळ्या दलांचा एकमेकांशी मेळ बसेना, त्यातून ती तयार झाली. आपली पद्धत तिच्यावरूनच घेतली, असं गूगलच्या इंजिनिअरांनी लिहून ठेवलं आहे. ऑपरेशन रूममध्ये रात्रपाळी केलेल्या आमच्या सुभेदारसाहेबांना यात नवीन काय आहे? एक गोष्ट मात्र नवी आहे. आपल्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, चूक कोणाची. तिथे बिघाडानंतर जो अहवाल लिहितात, त्यात माणसाला दोष न देता व्यवस्थेतली फट शोधायची असते. आपल्या लोकांना हे मुद्दाम शिकावं लागेल.

दुसरं उदाहरण क्लार्क लोकांचं. सध्या मी आसाममध्ये एका मुख्यालयात आहे. इथला आमचा हेड क्लार्क वीस वर्षांचे कागद सांभाळतो. कुठली फाईल कोणी पाहावी, कोणी पाहू नये, नष्ट कधी करायची आणि त्याची नोंद कुठे ठेवायची, हे त्याला झोपेतही सांगता येईल. माहितीच्या सुरक्षिततेसाठी कंपन्या आयएसओ २७००१ नावाचं प्रमाणपत्र घेतात. त्याच्या ऑडिटमध्ये बरंचसं हेच विचारतात: नियम लिहिलेला आहे का, पाळला जातो का, पाळल्याचा पुरावा दाखवा. या कामाला कम्प्लायन्स म्हणतात आणि त्याला नेटकी, चिवट माणसं लागतात. आमच्याकडे अशी माणसं पोत्याने आहेत.

बाकीची भराभर सांगतो. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात डेटा सेंटर उभी आहेत. तिथे जनरेटर, डिझेल, कूलिंग, आतबाहेर करणाऱ्यांची नोंद आणि पाळ्या बघायला माणसं लागतात. नव्या ग्राहकांना सॉफ्टवेअर वापरायला शिकवणारे ट्रेनर लागतात, आणि ज्याने रेजिमेंटल सेंटरमध्ये रिक्रूट घडवले, त्याला शिकवायचं कसं हे सांगावं लागत नाही. ग्राहकाचं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून तड लावणारे लागतात. भाच्याच्या ऑफिसला हवा होता तसा सामान सांभाळणारा लागतो.

मग अडतं कुठे? भाषेत. इंग्रजीही आलीच, पण मी म्हणतोय ती गोष्ट वेगळी. त्या दिवशी संध्याकाळी ड्युटी संपल्यावर हवालदाराला चहाला घेऊन गेलो. त्याने एक किस्सा सांगितला. गेटवर ओळख झालेल्या एका पोराने त्याला विचारलं, "काका, आत यायचं असेल तर एडब्ल्यूएस येतं का तुम्हाला?" हा म्हणाला, "येतं म्हणजे काय, तीन सीझन केलंय!" फौजेत एडब्ल्यूएस म्हणजे ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग, हिवाळ्याची तीच बेगमी. त्या पोराच्या मनात होतं ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस, भाड्याने मिळणारे सर्व्हर. दोघेही आपापल्या जागी बरोबर. सांगताना तो खूप हसला. मीही हसलो. पण नोकरीच्या मुलाखतीत अगदी हेच होतं, फक्त तिथे कोणी हसत नाही.

चहाच्या टपरीवरच त्याच्या कामाच्या चार ओळी लिहिल्या. 'सीक्यूएमएच' हा शब्द काढला. किती माणसांचा साठा, किती महिन्यांसाठी, किती प्रकारच्या वस्तू, किती ठिकाणी वाटप, ऑडिटमध्ये तूट शून्य. वाचून तो म्हणाला, "साहेब, हे मी केलंय होय?"

म्हणून माझं मत असं की हे भाषांतर जवानावर सोडून चालणार नाही. ते त्याच्या अधिकाऱ्याचं काम आहे. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स आहेत. आम्हा अधिकाऱ्यांना तर निवृत्तीआधी आयआयएममध्ये २४ आठवड्यांचा मॅनेजमेंट कोर्स करता येतो. जवानांसाठीही कोर्स आहेत. पण शेवटच्या वर्षात, घरी जायची गडबड असताना, पुढे काय करायचं हे न ठरवता केलेला कोर्स कागदापुरता राहतो. विचार तीन वर्षं आधी सुरू व्हायला हवा.

कटू गोष्टीही सांगतो. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला जी पदवी समकक्षता मिळते, ती सरकारी गट 'क'च्या पदांसाठी आहे. खाजगी कंपनीवर तिचं बंधन नाही. तेव्हा नोकरीत असतानाच इग्नूची किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी पुरी करा. एक्सेल येत नसेल तर आधी ते शिका. तांत्रिक काम नाही म्हणजे संगणकाला हात लावायचा नाही, असं नव्हे. पहिला पगार मनासारखा नसेल. वरिष्ठ तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल आणि तुम्हाला नावाने हाक मारेल. हुद्दा गेटबाहेर ठेवूनच आत जावं लागेल. कोर्समेट सांगतो, पहिले सहा महिने तो प्रत्येक मीटिंगला पाच मिनिटं आधी जाऊन एकटाच बसायचा.

प्रश्न फक्त आजच्या हवालदारांचा नाही. २०२२ साली अग्निपथ योजना आली. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चार वर्षं पुरी करते आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के फौजेत राहणार. बाकीचे पेन्शनशिवाय, पंचविशीच्या आतबाहेर घरी येतील. त्यांनाही आपण फक्त 'एक्झेम्प्लरी' लिहून पाठवणार का?

इथे आसामात मी एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. पुढच्या तीन वर्षांत जाणारे जे आहेत, ते शनिवारी दुपारी बसतात आणि आपण वर्षभर काय केलं ते फौजी शब्द न वापरता लिहितात. सुरुवातीला कोणाचं दोन ओळींपुढे जाईना. आता हेड क्लार्कची दोन पानं झाली आहेत, आणि तो बाकीच्यांची तपासतोही.

हवालदाराने त्या चार ओळी घेऊन तीन ठिकाणी अर्ज केला. एका ठिकाणी पदवी मागितली, एका ठिकाणाहून उत्तरच आलं नाही. तिसरा अर्ज भाच्याच्या ऑफिसात होता. पहिली मुलाखत झाली, दुसरीची तारीख यायची आहे. मुक्त विद्यापीठात त्याने नाव घातलंय. मुलीच्या बारावीबरोबर आपलीही परीक्षा, असं फोनवर सांगत होता. सध्या तरी सकाळी साडेनऊला तो बॅरिअरपाशीच असतो. तिकडून गेलात, तर काच खाली करून एक जय हिंद म्हणा. आणि तुमच्या ऑफिसात अशी एखादी जागा रिकामी असेल, तर तीही सांगा.